वाघजाईखालची बायकांची वाट

दोराच्या शेवटच्या गाठीवर हात नव्हता.

इंदिराबाईंनी दोर ओढून जवळ घेतला, ती ओली गाठ मुठीत धरली आणि मागच्या धुक्याकडे पाहिले. पाहण्यासारखे तिथे काही नव्हते. श्रावणातले धुके लोणावळ्याच्या कड्यावर एकदा उतरले, की पुढे धरलेला आपला हातही परक्याचा वाटू लागतो.

"सरू!" त्यांनी हाक मारली. शाळेच्या पटांगणात या आवाजाने तीन पिढ्यांच्या मुली जागच्या जागी थिजल्या होत्या. आज तो आवाज ओल्या कापसात टोचलेल्या सुईसारखा धुक्यात शिरला आणि तिथेच राहिला.

उजव्या हाताला दरी होती. आणि सरुबाई दोन्ही डोळ्यांनी आंधळी होती.

तळेगावच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर इंदिराबाई लिमये स्वस्थ बसल्या नाहीत. स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि दुसऱ्याने स्वस्थ बसलेलेही त्यांना खपत नसे. त्यांनी लोणावळ्यास 'वनदर्शन मंडळ' काढले. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मंडळाच्या सहली निघत. त्यांत तळेगाव-लोणावळ्याची कारकून, मास्तर मंडळी सहकुटुंब येत, तशीच मावळातली शेतकरी माणसेही येत. सहा वर्षांच्या पोरापासून पिकल्या केसांच्या आजोबांपर्यंत कोणालाही मज्जाव नव्हता. रेल्वेतून निवृत्त झालेले तारमास्तर गोपाळकृष्णपंत एक पाय अधू असताना कुबडी टेकीत यायचे आणि गळ्यातल्या दुर्बिणीतून पाखरे दाखवायचे. "रान ज्याला पाय आहेत त्याचे आहे, आणि ज्याला नाहीत त्याचेही आहे," असे बाई ठणकावून सांगत. धुक्यासाठी त्यांनी जाडजूड दोराला गाठी मारून घेतल्या होत्या. प्रत्येकाने आपली गाठ धरायची. मुक्कामामुक्कामाला पुढून मागे एकेकाने आपले नाव पुकारायचे. या दोराचा बाईंना फार अभिमान होता.

निघताना त्या आणखी एक गोष्ट बजावीत. "मंडळाच्या दोराला सोवळे नाही आणि ओवळे नाही. शिवाशिव पाळायची असेल त्याने घरी बसावे." स्वतःच्या स्वयंपाकघरात त्या सोवळ्याशिवाय पाण्याच्या घागरीला हात लावू देत नसत, ही गोष्ट वेगळी. घरचा नियम घरी आणि रानाचा नियम रानात, असा त्यांचा चोख हिशेब होता.

सरुबाई तिकोणा पेठेची लेक. कड्याच्या पायथ्याच्या वाडीत तिला दिलेली. लग्नानंतर काही वर्षांनी देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. तेव्हापासून चूल, ओटा आणि परसातला गोठा एवढेच तिचे जग उरले. तिला सहलीला नेण्यासाठी बाई स्वतः वाडीवर गेल्या होत्या. तिचा नवरा महिपती दारातच आडवा उभा राहिला.

"आंधळ्या मानसाला रान काय दावनार, बाई?"

"दाखवायला नेत नाही, महिपती. ऐकवायला नेते आहे."

"आन पडली झडली म्हंजी?"

"दिवेलागणीला तिचा हात तुमच्या हातात देईन. माझा शब्द आहे."

महिपती बाजूला झाला. इंदिराबाईंच्या शब्दापुढे माणसे बाजूला होत असत, त्याचे त्यांना नवल वाटले नाही.

आणि सकाळी सारे किती सुरेख झाले होते! सरूने शेवाळलेल्या दगडांवरून तळवा फिरवला, पाणगळतीखाली ओंजळ धरली. ओढ्याच्या काठी शीळकरी पाखराने लांबलचक शीळ घातली तेव्हा ती उभी थरारली. "बाई, ह्यो कोन उनाड पोरगा शीळ घालतुया?" असे तिने विचारले आणि सगळी मंडळी खळखळून हसली. पंतांनी पाखराचे नाव सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या. पाखराला उनाडपना शोभतो." वाटेत कड्यावर वाघजाईचे ठाणे लागले. देवीच्या शेंदरी दगडावर, तांदळ्यावर, सगळ्यांसारखाच तिनेही माथा टेकला.

आता परतीच्या वाटेवर, वाघजाई मागे टाकून मंडळी जांभळीखाली टेकली होती, आणि गाठ मोकळी होती.

"ठाण्याच्या अलीकडे नावे घेतली तेव्हा ती होती," पंत म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी स्वतः ऐकले. सरुबाई म्हणून ओ आली."

"म्हणजे ठाण्यानंतर गेली. हौशीराम, अंबाजी, या उताराच्या अंगाला बघा. दरीची कड धरून बघा!"

हौशीराम हा वाडीतला जाणता शेतकरी, मंडळाचा वाटाड्या. या श्रावणात वाघजाईच्या पूजेची पाळी त्याच्या घराकडे होती. महिनाभर तो एकभुक्त राहून सोवळ्यात होता. त्यामुळे सकाळपासून तो दोराला हात न लावता दहा पावले पुढे चालत होता. अंबाजी त्याचा तरणाबांड पुतण्या. दोघे हाका घालीत उताराला लागले. इंदिराबाईही त्यांच्यामागे गेल्या. झुडूप न् झुडूप त्यांनी काठीने चाळवले. निसरड्या गवतावर दोनदा त्या गुडघ्यावर आल्या. प्रत्येक काळा दगड दुरून पडलेल्या माणसासारखा दिसे, आणि जवळ गेल्यावर तो दगडच निघे. धुक्याचा पांढरा रंग करडा होऊ लागला होता. दिवस कलला होता.

"बाई," हौशीराम थांबून म्हणाला, "ह्या अंगाला मानूस घसरलं आसतं तर गवात मोडलं आसतं. हितं काय बी न्हाई."

"मग गेली कुठे? उडून गेली?"

पुतण्याला हाताने खुणावून हौशीराम जांभळीकडे चढू लागला.

बाई जांभळीखाली परतल्या. पोरे थंडीने कुडकुडत आयांना बिलगली होती. सरूच्या पुढच्या गाठीवर रतनबाई होती, शेजारच्या वाडीची. इंदिराबाई तिच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"रतन, तुझ्या मागची गाठ सैल झालेली तुला कळली कशी नाही? बोल. सगळ्यांसमोर बोल."

रतनबाईने पदर तोंडाला लावला. तिची नजर बाईंवरून पंतांकडे, पंतांवरून अंबाजीकडे गेली आणि जमिनीला खिळली.

"मुकी झालीस? एका बाईचा जीव जातो आहे!"

रतनबाई रडू लागली. शाळेत रडणाऱ्या मुलीला बाई अधिकच दरडावीत. आताही त्यांनी काठी जमिनीवर आपटली, आवाज आणखी चढवला, आणि रतनबाई अंग आणखी आवळून बसली. किती वेळ असा वाया गेला कोण जाणे. शेवटी ती पुन्हा एकदा अंबाजीकडे चोरून पाहते आहे हे बाईंच्या ध्यानात आले. अखेर त्याही बाईच होत्या. त्यांनी रतनबाईचे मनगट धरून तिला जांभळीच्या पलीकडे ओढत नेले.

"आता कोणी पुरुष नाही. सांग."

"ती बाहेरची झाली बाई, दुपारच्यानं," रतनबाई हुंदक्यांतून म्हणाली. "मला म्हनली, ह्यो दोर समद्यांच्या हातात हाय, मी धरला तर समदी बाटत्याल आन तशीच देवीम्होरनं जात्याल. मंग तिनं गाठ सोडली."

"आणि ओ कोणी दिली?"

"म्या. तिच्या नावानं. ती म्हनली, बाईंना कळलं तर म्हनत्याल घरी बसायचं व्हतं. पुन्यांदा न्येनार न्हाईत. म्हनली, मी बायकांच्या वाटंनं खालनं येते, नवी नवरी व्हते तवापास्नं पायाखालची वाट हाय. ठान्याच्या म्होरं गाठ धरते. मला काय ठावं, बाई…"

घरी बसावे, हे शब्द त्यांचेच होते. ते त्यांनी शिवाशिव मोडण्यासाठी उच्चारले होते. सरूने ते कसे ऐकले असतील याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

त्या तशाच हौशीरामकडे गेल्या. "ठाण्याच्या खालून बायकांची म्हणून एक वाट आहे ना?"

हौशीराम चपापला. देवीच्या नजरेस पडू नये म्हणून अडचणीतल्या बायका जिथून जातात, त्या वाटेचे नाव पुरुषाने काढायचे नसते. "हाय," तो खाली पाहत म्हणाला. मग त्याला अर्थ उमगला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "हाय न्हवं बाई, व्हती. आखाडात दरड आली. मधली वाट समदी खाली गेली. आमच्या घरातल्या बायास्नी म्या सांगितलं. बाकीच्यांला कसं सांगायचं, आन कुनी?"

ठाणे ओलांडून मागे गेले, की त्याच्या पलीकडून ती वाट फुटत होती. इंदिराबाई आयुष्यात एवढ्या धावल्या नव्हत्या. मंडळी मागोमाग आली. थोड्याच अंतरावर वाट तुटली होती, आणि खाली ताज्या लाल मातीची उभी धार धुक्यात बुडाली होती. त्यांनी पालथे पडून कडेवरून डोके बाहेर काढले.

"सरू!"

त्यांनी पुन्हा हाक मारली. मग खालून कोणीतरी अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी हितं हाय."

इंदिराबाईंनी कपाळ मातीवर टेकले.

धुके विरळ झाले तेव्हा ती दिसली. दोन माणसांच्या उंचीएवढे खाली, दरडीत अडकलेल्या एका खडकावर ती अंग चोरून बसली होती. खडकाची रुंदी पाटाएवढी. एक पाय तिच्या अंगाखाली भलताच वळलेला. तिच्या पलीकडे काही नव्हते.

अंबाजीने दोर कमरेला गुंडाळला. "मी उतरतो, मावशी! हालू नगंस!"

"न्हाई!" खालून किंकाळी आली. "गडी मानूस नगं! मला शिवू नका! काकाची पूजेची पाळी हाय, तुमी त्याच्या घरातलं!" आणि ती मागे सरकली. दोन खडे सुटून खाली गेले. ते कुठे पडले ते कोणालाच ऐकू आले नाही.

"थांब, अंबाजी!" इंदिराबाई ओरडल्या. "सरू, आहेस तिथे राहा. दोर टाकते. तो काखेतून घे, आम्ही ओढतो."

"दोर कोन धरनार हाय, बाई?"

बाईंनी मागे पाहिले. पंत कुबडीवर. दोन वृद्ध. बायका, पोरे. ओढायचे म्हटले तर अंबाजी, आणि हौशीराम. आणि हौशीराम वाटेच्या तोंडाशी हाताची घडी घालून उभा होता. एक पाऊल पुढे येत नव्हता.

सरूला डोळ्यांवाचून ते सारे दिसले. "मला न्हाई धरायचा दोर," ती म्हणाली. "एकदा डोळं गेलं ते देवीच्याच कोपानं गेलं. आता आनि त्येंच्या घरावर कोप मी न्हाई आननार. तुमी जावा बाई. लय केलंत माज्यासाठी. पाखरू ऐकवलंत."

इंदिराबाईंनी तिला समजावले. डॉक्टर काय म्हणतात ते सांगितले, शास्त्रात काय आहे ते सांगितले, देवीही बाईच आहे हे सांगितले. मग रागावल्या. मग, आयुष्यात कोणाला केले नव्हते, ते आर्जव केले. सरू प्रत्येक वेळी एवढेच म्हणे, "न्हाई, बाई." तिचा आवाज दर वेळी थोडा लांबून येत असल्यासारखा भासे. हुकूम संपले, युक्तिवाद संपले. धुके पुन्हा दाटू लागले होते. आपल्याजवळ आता काहीही उरलेले नाही, हे इंदिराबाईंना त्या वयात प्रथमच कळले.

त्यांनी नऊवारीचा काष्टा घट्ट खोचला.

"अंबाजी, तो दोर माझ्या कमरेला बांध."

"बाई, तुम्ही?" पंतांच्या हातून कुबडी सुटली. "अहो, तुमचे वय काय!"

"वय माझे मला ठाऊक आहे, पंत. दोराचा एक वेढा त्या कारवीच्या पलीकडच्या झाडाला द्या. आणि बोलत उभे राहू नका."

अंबाजीने आणि बायकांनी मिळून त्यांना खाली सोडले. माती हाताखाली विरघळत होती. दोर बरगड्यांत रुतला. एकदा पाय सुटला आणि त्या दरडीच्या अंगावर आपटल्या. तोंडात माती आणि रक्त एकत्र आले. खाली पाहायचे नाही असे त्यांनी ठरवले होते, आणि तरी त्यांनी पाहिले. मग त्यांच्या तळव्याला एक खांदा लागला.

"कोन?"

"मी."

"शिवू नका बाई! तुमी सोवळ्यातल्या…"

इंदिराबाईंनी तिला दोन्ही हातांनी कवटाळले. गालाला गाल लागला. सरू लाकडासारखी ताठली होती.

"झाले. शिवले मी तुला," इंदिराबाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "आता तुला आहे ते मलाही आहे. तू इथे बसणार असशील तर मीही इथेच बसते. जागा कमी आहे, पण रात्र निघेल. फार तर दोघी पडू."

"तुमी वर जावा!"

"कशी जाऊ? दोर माझ्याही हातचा बाटला. तुझ्याच न्यायाने मला आता तो धरता येत नाही."

सरूचे अंग गदगदू लागले. ती रडत होती की थंडीने कापत होती, कोणास ठाऊक. बाईंनी दोराचे टोक तिच्या काखेखालून घेऊन आपल्याशी बांधले. तिने या वेळी हात वर केले नाहीत, पण आखडूनही घेतले नाहीत. मग इंदिराबाईंनी मान वर केली. कड दिसत नव्हती.

"हौशीराम!"

त्यांनी तोंडातली माती थुंकली.

"हौशीराम, तुम्ही ऐकता आहात हे मला माहीत आहे. मी सरूला शिवले आहे. तीही दोराला आहे आणि मीही. दोघींचे ओझे अंबाजीला आणि बायकांना पेलणार नाही. तुमच्याशी खोटे बोलून ओढून घेणार नाही. धरायचा असेल तर जाणून धरा. नसेल, तर अंबाजीला सोडायला सांगा. नाहीतर तो पोरगा उगाच खाली येईल."

दोर सैल होता. त्याचा एक वेढा घसरत खाली आला आणि सरूच्या मांडीवर पडला. सरूने इंदिराबाईंच्या खांद्यात तोंड खुपसले. बाईंनी डोळे मिटून घेतले. वर कोणीतरी खोकले. एक पोर रडले आणि आईने त्याचे तोंड दाबले.

"बाई," धुक्यातून हौशीरामचा आवाज आला, "लय अवघड बोललासा."

आणि दोर ताठ झाला.

वर आल्यावर इंदिराबाईंनी प्रथम पाहिले ते हौशीरामचे तळहात. कातडे सोलून निघाले होते. तो त्यांच्याकडे पाहत नव्हता. सरूचा पाय घोट्यापाशी मोडला होता. अंधार पडत चालला होता आणि वाडीकडे जाणारी दुसरी वाट नव्हती. वाघजाईपुढूनच जायला हवे होते.

"मला हितंच ठेवा," सरू पुटपुटली.

इंदिराबाई तिच्याजवळ चिखलात बसल्या. मंडळीतले कोणी पुढे होईना, कोणी मागे होईना.

हौशीराम एकटाच ठाण्याकडे चालू लागला. पायरीपासून बराच अलीकडे तो थांबला. जवळ जाण्याचा अधिकार त्याला आता नव्हता. त्याने डोक्याचे पागोटे काढून काखेत धरले आणि देवीला झोपवताना रोज म्हणायचे ते गाणे, शेजेचे, तिथूनच म्हणायला सुरुवात केली. आवाज मध्येच चिरकला. त्याने घसा खाकरून ती ओळ पुन्हा म्हटली. गाणे संपवून तो मागे आला आणि सरूपुढे पाठ करून वाकला.

"बस पाठीवर. आई निजली. आता पाटंलाच उठंल."

"काका, तुमची पाळी…"

"पाळीचं मी आन ती बघून घिऊ. बस."

झोपलेल्या लेकराजवळून जावे तशी सारी मंडळी ठाण्यापुढून गेली. पोरांनीसुद्धा हूं की चूं केले नाही. पंतांनी कुबडीचे टोक उपरण्यात गुंडाळून घेतले होते.

उताराच्या अर्ध्यात कंदील वर येताना दिसला. महिपती होता. दिवेलागण केव्हाच टळून गेली होती. त्याने कंदील उंच करून हौशीरामच्या पाठीवरची आपली बायको पाहिली, हौशीरामचे उघडे डोके पाहिले, इंदिराबाईंचे फाटलेले लुगडे पाहिले. कोणाला काही सांगावे लागले नाही. त्याने कंदील रतनबाईच्या हाती दिला आणि सरूला आपल्या पाठीवर घेतले.

इंदिराबाई पुढे झाल्या. सरूचा लोंबता हात धरून त्यांनी तो महिपतीच्या खांद्यावरून पुढे, त्याच्या तळव्यात ठेवला. शब्द दिला होता. तो उशिरा आणि मोडका, पण पुरा होत होता.

"आनलीत," महिपती म्हणाला. "उपकार झालं. आता पुन्यांदा हिला न्यायाला येऊ नका."

महिपती वळला, कंदिलामागून उतरू लागला. चार पावले गेल्यावर त्याच्या पाठीवरून सरूने मान मागे वळवली. जिथे बाई असाव्यात असे तिला वाटले, त्या अंधाराकडे.

"बाई," तिने विचारले, "म्होरली सहल कवा हाय?"

महिपतीची पावले थांबली नाहीत. इंदिराबाई दोराचे ओझे छातीशी धरून वाटेत उभ्या होत्या. कंदील खाली खाली जात धुक्यात दिसेनासा झाला, तरी त्या तिथेच उभ्या होत्या.